पेपर टाकू का?

पुण्यात आयटीतल्या माणसाचा खरा पगार दोनदाच उघड होतो. एकदा लग्न ठरताना आणि नंतर नोकरी बदलताना. पहिल्या वेळी तो जरा फुगवलेला असतो. दुसऱ्या वेळी मात्र पै न् पै सांगावी लागते, कारण समोर मित्र असतात आणि त्यांना विचारायचं असतं, "पेपर टाकू का?" म्हणजे राजीनामा देऊ का.

आमच्यातल्या एकाची ही वेळ अलीकडेच आली. छत्तिशीचा गडी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, एकाच कंपनीत चार वर्षं आठ महिने. वाकडला त्याच्या घरी शनिवारी संध्याकाळी जमलो तेव्हा त्यानं ऑफर लेटरची प्रिंटच काढून ठेवली होती. आता अठरा लाख, तिकडे चोवीस. "बोला," म्हणाला.

बोलायला कुणाला सांगावं लागतं? पहिला म्हणाला, "डोळे झाकून जा." हा स्वतः अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसलाय आणि दर दिवाळीला त्याबद्दल हळहळतो. दुसरा सरकारी बँकेत आहे. तो म्हणाला, "चाललंय ना नीट? मग कशाला?" तिसरीनं कोविडनंतर दोन वर्षांत तीनदा स्विच मारला होता आणि तिसऱ्या ठिकाणी ती प्रोजेक्ट न मिळता बेंचवर बसली. तिचं म्हणणं, "ऑफर दाखवून इथेच वाढवून माग." तिघंही मनापासून बोलत होती, फक्त प्रत्येक जण स्वतःच्याच नोकरीबद्दल बोलत होता. ज्याचा प्रश्न होता तो माना डोलवत होता आणि मधूनमधून आत स्वयंपाकघराकडे बघत होता. तिथून मत आधीच येऊन गेलं असावं.

मग विषय भलतीकडेच गेला. बँकवाल्याच्या गॅलरीतून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपतंय आणि सोसायटीची नोटीस आली आहे. इथे मात्र सगळ्यांची बुद्धी एकदम धारदार झाली. टाइल्स फोडायच्या आधी नुसतं ग्राउटिंग करून बघ, केमिकलवाल्याला पावसाळ्यात बोलावू नकोस, माझ्याकडे आलेला माणूस चांगला होता, हा घे नंबर. पाच मिनिटांत काम झालं. तेच लोक, तीच बैठक. पण गळतीबद्दल कुणी कुणाला "तू कर" किंवा "नको करूस" असं म्हणालं नाही. मी काय केलं, किती खर्च आला आणि कुणी केलं, एवढंच प्रत्येकानं सांगितलं. नोकरीच्या बाबतीत आपण हे का करत नाही, कोण जाणे. बहुधा गळतीत आपली इभ्रत गुंतलेली नसते.

खरं काम सुरू झालं ते तिसरीनं प्रिंट स्वतःकडे ओढून पेन मागितलं तेव्हा. चोवीस लाखांच्या सीटीसीत तीन लाख व्हेरिएबल होतं. दीड लाख जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ होता आणि मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात बसवलेली. हे शेवटचे दोन जुन्या अठरातही होते, म्हणून ते तिनं दोन्हीकडे तसेच ठेवले. व्हेरिएबल आणि बोनस काढल्यावर नवीकडे उरले साडेएकोणीस. जुनीकडे व्हेरिएबल एकच लाख, म्हणजे सतरा. सहा लाखांची उडी अडीचवर आली. खोलीतला उत्साह जरा बसला आणि चहा आला.

चहाबरोबर ग्रॅच्युइटी निघाली. नियम साधा आहे: शेवटच्या मूळ पगाराला सव्वीसनं भागायचं, पंधरानं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. ह्याचा मूळ पगार बावन्न हजार, त्यामुळे हिशेब तोंडीच झाला. दोन हजार गुणिले पंधरा, तीस हजार. पाच वर्षांचे दीड लाख. अडचण त्या पाचातच होती. 1972 च्या कायद्यापासून ही पाच सलग वर्षांची अट चालत आलेली आहे. आज पेपर टाकले तर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड संपेल चार वर्षं अकरा महिन्यांवर. एका महिन्यासाठी दीड लाख.

"चार वर्षं दोनशे चाळीस दिवस झाले की मिळते," अकरा वर्षंवाला ठामपणे म्हणाला. हे वाक्य हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत सगळीकडे ऐकू येतं आणि ते निराधारही नाही. मद्रास उच्च न्यायालयानं तसा अर्थ लावलेला आहे. पण प्रत्येक कंपनी तो मानतेच असं नाही, आणि न मानणाऱ्या कंपनीशी नवी नोकरी सांभाळून भांडायला कुणाला सवड असते? मित्रांच्या सल्ल्यातली सगळ्यात जोखमीची जात हीच: अर्धी बरोबर आणि पूर्ण खात्रीनं सांगितलेली. "एचआरला मेल करून लेखी विचार," असं सुचवणारी नेमकी तिसरीच होती, जी बेंचवर बसून आली होती.

बँकवाला तोवर पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने आखत होता, जाण्याची कारणं आणि राहण्याची. युक्ती जुनी आहे. 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना लॉर्ड शेलबर्न यांच्याकडून नोकरी चालून आली. लीड्समधलं काम सोडावं का, हे त्यांनी मित्राला, बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलं. फ्रँकलिन यांनी काय करावं ते सांगितलंच नाही. पुरेशी माहिती नाही म्हणाले. कसं ठरवायचं तेवढं कळवलं. कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा, मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडा. प्रीस्टली यांनी नोकरी घेतली आणि 1774 मध्ये शेलबर्न यांच्याच पदरी असताना ऑक्सिजन वेगळा केला. आमच्या पाकिटावर तीन-चार दिवसांची सोय नव्हती. एका बाजूला सात ओळी झाल्या, दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्या दोनातली एक "आईचं गुडघ्याचं ऑपरेशन" अशी होती. ती कशाशी खोडायची, हे कुणालाच सांगता येईना.

नवी कंपनी आतून कशी आहे, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळलं ह्याच्या जुन्या रूममेटच्या थोरल्या भावाकडून, ज्याची भेट फक्त लग्नकार्यात होते. त्यानं फोनवर मत दिलंच नाही. त्या टीमचा क्लायंट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, रात्री अकरापर्यंत कॉल चालतात, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यावं लागतं. एवढं सांगून "काही लागलं तर कळव" म्हणाला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, ज्याच्यामुळे कळलं तो किती वेळा भेटायचा? 1973 च्या त्यांच्या लेखात उत्तर आहे: वरचेवर भेटणारे सहात एक, बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच. आपल्याला जे माहीत असतं तेच जवळच्या मित्रालाही असतं, कारण तो आपल्याच टेबलावर जेवतो. त्याला आपण ठाऊक असतो, जागा ठाऊक नसते. म्हणूनच त्या दूरच्या भावानं सांगितलेल्या रात्री अकराच्या कॉलबद्दल "तुला जमणार नाही, तू साडेनऊला पेंगतोस" हे आमच्यातलाच एक जण म्हणू शकला.

ह्यानं शेवटी नव्या कंपनीकडे रुजू व्हायला महिना वाढवून मागितला. मिळाला. जॉइनिंग बोनसमधले पन्नास हजार कमी झाले, दीड लाखाची ग्रॅच्युइटी वाचली. कॉल आठवड्यातून दोनच रात्री घेईन, हेही लेखी ठरलं. ग्रुपवर त्यानं हे टाकलं आणि खालीच पुढचा प्रश्न: "आता मॅनेजरला सांगू कसं?" लगेच तीन उत्तरं आली, आणि तिन्ही आपापल्या मॅनेजरबद्दल होती.