प्रीॲम्प्लिफायरची पेटी

तबकडीवर सुई फिरूं लागली म्हणजे तिच्या मागील लहानशा चुंबकाच्या हालचालीनें वेटोळ्यांत जी वीज उत्पन्न होते, ती सुमारें ५ मिलिव्होल्ट असते. घरांतील २३० व्होल्टांचा हा सुमारें सेहेचाळीस हजारांवा हिस्सा होय. एवढ्या क्षीण विजेनें कर्णा बोलत नाहीं. म्हणून मुख्य ध्वनिवर्धकाच्या आधीं एक लहान वर्धक बसवितात, त्यास प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. तो बाजारांत तयार मिळतो. पण थोडक्या खर्चांत हातानेंही जुळवितां येतो, आणि आमच्या विज्ञान मंडळांतील नववीच्या मुलांनीं तो गेल्या वर्षीं जुळविला. त्याचें विद्युन्मंडल पहिल्याच दिवशीं चाललें. पेटीनें मात्र आम्हांस तीन महिने शिकविलें. म्हणून येथें पेटीविषयींच लिहीत आहों.

कामाचें निमित्त असें. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं ख्यालगायनाच्या कांहीं एल. पी. तबकड्या जपून ठेविल्या आहेत. घरचें यंत्र बिघडल्यापासून त्या वाजल्या नव्हत्या, व त्या आजोबांना पुन्हां ऐकवाव्या अशी नातवाची इच्छा. आम्ही मोठ्या हौसेनें सागवानी पेटीचा नकाशा काढला, ती करवून घेतली, तींत वर्धक व त्यास वीज पुरविणारा ट्रान्स्फॉर्मर शेजारीं शेजारीं बसविला, आणि तबकडी लावली. तंबोरा सुरू झाला. पण त्याच्या खालीं दुसराच एक स्वर धरून कोणी बसल्यासारखी घुमघुम ऐकूं येऊं लागली. गवयाच्या षड्जाशीं तिचें कांहीं केल्या जुळेना. मुलगा हळूच म्हणाला, “सर, हें आजोबांना ऐकवायचें नाहीं.”

ही घुमघुम येते कोठून? आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. तिच्या तारांभोंवतीं विद्युत्प्रभाव व चुंबकीय प्रभाव असे दोन्हीं पसरलेले असतात, आणि ५ मिलिव्होल्टांच्या तारेस त्यांची किंचित् झुळूकही पुरते. त्यांत तबकडीचा एक विशेष आहे. ती कापतांना खर्ज स्वर मुद्दाम दाबून नोंदवितात, नाहीं तर चरी फार रुंद होऊन थोड्या वेळांतच तबकडी भरेल. वाजवितांना ते पुन्हां तितकेच उचलावे लागतात. ह्याचें प्रमाण अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण उद्योगानें १९५४ सालीं ठरविलें, व पुढें तें बहुतेक सर्वत्र रूढ झालें. त्यामुळें असा वर्धक मधल्या स्वरांस शंभरपट वाढवीत असेल, तर ५० आवर्तनांच्या स्वरास सुमारें सातशेंपट वाढवितो. म्हणजे बाहेरून शिरलेल्या चोरालाच आम्ही सर्वांत मोठें पान वाढीत होतों!

विद्युत्प्रभावावरील उपाय जुना आहे. १८३६ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे ह्यांनीं १२ फूट लांब, रुंद व उंच असा लांकडी सांगाडा उभारून तो तारांनीं व धातूच्या वर्खानें मढविला, आणि उपकरणें घेऊन स्वतः आंत जाऊन बसले. बाहेरून विजेच्या ठिणग्या पडत असतांही आंतील उपकरणांस त्यांचा मागमूस लागला नाहीं. आमच्या सागवानी पेटीस फॅरडेसाहेबांचा वर्ख नव्हता, एवढेंच! एका मुलीनें घरून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. वर्धक त्यांत ठेवून डबा विद्युन्मंडलाच्या शून्य बिंदूस जोडतांच ट्यूबलाइटची चरचर थांबली. खोल घुमघुम मात्र राहिलीच.

कारण ती चुंबकीय होती, आणि तिचा उगम डब्याच्या आंतच होता. ॲल्युमिनियमचा पत्रा अशा मंद चुंबकीय प्रभावास जवळजवळ अडवीतच नाहीं; लोखंडी पत्रा कांहीं अंशीं अडवितो. (स्वयंपाकघरांतील स्टीलच्या डब्यास लोहचुंबक लावून पाहा, पुष्कळदां तो चिकटतच नाहीं.) खरा उपाय अंतर हाच. अंतर दुप्पट केलें कीं हा प्रभाव साधारणतः आठव्या हिश्श्यावर येतो. आम्ही दर वेळीं प्लग काढून ट्रान्स्फॉर्मर वीतभर दूर सरकवीत गेलों. हातभर अंतरावर तंबोरा मोकळा झाला. म्हणून पेट्या दोन केल्या. ट्रान्स्फॉर्मरची निराळी, आणि वर्धकाची निराळी.

२३० व्होल्टांची पेटी आम्ही जाणत्या वायरमनकडून करविली. मुलांस तिला हात लावूं दिला नाहीं. फ्यूज व हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थची तार पेटीच्या धातूस स्वतंत्र स्क्रूनें घट्ट जोडलेली, ह्या दोन गोष्टी तींत असल्याच पाहिजेत. घुमघुम जावी म्हणून अर्थची तार काढून टाका, असा सल्ला कित्येक देतात. तो जिवावर बेतणारा आहे. घरीं करून पाहणाऱ्या मुलांनीं ९ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या घ्याव्या. मग ट्रान्स्फॉर्मरचा प्रश्नच उरत नाहीं.

वर्धकाच्या पेटीसाठीं आम्ही दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. तो कापावयास व भोकें पाडावयास सोपा असतो. आधीं पुठ्ठ्याची पेटी केली, हें फार चांगलें झालें. मागच्या बाजूस तारांचे प्लग केवढी जागा खातात हें त्यामुळें कळलें, नाहीं तर पेटी कपाटांत मावलीच नसती. भोकांच्या खुणा कागदावर काढून तो कागद पत्र्यावर चिकटवावा, खुणेवर पंच मारावा, खालीं टाकाऊ लांकूड घेऊन पत्रा शिकंजांत धरावा, प्रथम ३ मिलिमीटरचें भोंक पाडून मग तें मोठें करावें, आणि कडा काणशीनें घासाव्या. पत्रा हातानें धरून भोंक पाडूं नये. ड्रिल अडकला कीं पत्रा गरकन् फिरून बोटें कापतो.

शेवटीं दोन चुका झाल्या. तारा लावण्याचीं सॉकेटें पेटीस थेट टेकलीं, त्यामुळें शून्याची तार पेटीस अनेक ठिकाणीं जोडली जाऊन फिरती वाट तयार झाली, आणि घुमघुम परतली. सॉकेटांखालीं फायबरच्या चकत्या घालून पेटी एकाच बिंदूस जोडतांच ती गेली. दुसरी चूक रंगाची. मुलांनीं झांकण सुंदर निळें रंगविलें. रंगांतून वीज जात नाहीं, म्हणून झांकण पेटीपासून अलग पडलें, व त्याजवर हात ठेवितांच आवाज बदलूं लागला. स्क्रूंच्या खालचा रंग खरवडून मल्टिमीटरनें जोड तपासावा लागला.

गेल्या महिन्यांत यंत्र आजोबांच्या घरीं नेलें. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत ते कांहींच बोलले नाहींत. मग नातवास म्हणाले, “उलटी लाव.”