प्रणालीची परीक्षा शाळेतच व्हावी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे लिपिक नाही. सगळी माहिती आम्ही शिक्षकच भरतो. म्हणून कोणतीही संगणक प्रणाली जोखताना मी आधी पाहतो, तिने शिकवण्याचा वेळ वाचवला की घेतला?

महाराष्ट्रात २०१५ मध्ये शाळा व विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याची ‘सरल’ प्रणाली आली. केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’ या शालेय माहिती प्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. याचा फायदा खरा आहे. ऊसतोड कामगाराचं मूल गाव बदलतं, तेव्हा त्याचा माग ठेवता येतो. एकाच मुलाचं नाव दोन शाळांच्या पटावर असेल, तर ते लक्षात येतं. पण शाळेचं जनरल रजिस्टर आणि आधार यांतल्या नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी आधार पडताळणी अडते आणि ते मूल पटात धरलं जाण्यात अडचण येते. शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यता पटावरच अवलंबून असल्याने ही अडचण किरकोळ नाही.

माझ्या कसोट्या चार आहेत: माहिती एकदाच भरावी लागते का? चूक शाळेतच दुरुस्त होते का? नेटवर्क नसताना काम चालतं का? भरलेली माहिती वर्गात उपयोगी पडते का? आणि अशा प्रणालींचं मूल्यमापन करणारी समिती नेमली, तर तिच्यात तज्ज्ञांशेजारी द्विशिक्षकी शाळेतला शिक्षकही बसलाच पाहिजे.