नदीगणिक वेगळे यंत्र : मागणीबरहुकूम अभियांत्रिकी आणि ज्ञानाचा पुनर्वापर

विजेचा पंखा कारखान्यात तयार होतो, तेव्हा तो कोणाच्या घरी लागणार हे कारखानदाराला ठाऊक नसते. एकदा तयार केलेल्या संकल्पचित्रावरून हजारो सारखे पंखे बनविले जातात. जलविद्युत केंद्रातील टर्बाईनच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. येथे आधी मागणी येते, त्यानुसार संकल्पचित्र तयार होते आणि मग उत्पादनास प्रारंभ होतो. या पद्धतीस मागणीबरहुकूम अभियांत्रिकी असे म्हणता येईल. औष्णिक केंद्रांचे बॉयलर, साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, रसायन उद्योगातील दाबपात्रे व अवजड क्रेन यांचे उत्पादन बहुतांशी याच पद्धतीने होते.

या उद्योगांपुढील मूलभूत प्रश्न असा की, प्रत्येक मागणी वेगळी असली तरी प्रत्येक वेळी सारे काम मुळापासून करावे काय? तसे केल्यास खर्च व कालावधी वाढतो. न केल्यास यंत्र जागेला अनुरूप न होण्याची भीती असते. या दोहोंमधील मार्ग पूर्वानुभवाच्या शिस्तबद्ध वापरातून निघतो.

उंची आणि विसर्ग यांचे गणित

टर्बाईनपासून मिळणारी वीज मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी किती उंचीवरून येते आणि दर सेकंदाला किती येते. पाण्याची उंची 100 मीटर, विसर्ग सेकंदाला 50 घनमीटर आणि संचाची कार्यक्षमता 90 टक्के असल्यास सुमारे 44 मेगावॅट वीज मिळते. तेवढीच वीज 20 मीटर उंचीवर मिळवायची झाल्यास पाचपट पाणी लागेल. साहजिकच यंत्राचा प्रकार, आकार व वेग हे सारेच बदलेल.

शेकडो मीटर उंचीसाठी सामान्यतः पेल्टन, मध्यम उंचीसाठी फ्रान्सिस आणि कमी उंची व भरपूर पाणी असल्यास हलत्या पात्यांचे काप्लान टर्बाईन वापरले जाते. केरळमधील इडुक्की येथे 130 मेगावॅटचे सहा पेल्टन संच आहेत. महाराष्ट्रातील कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन, तर चौथ्या टप्प्यात 250 मेगावॅटचे चार फ्रान्सिस संच बसविलेले आहेत. म्हणजेच एकाच प्रकल्पातही यंत्राची निवड टप्प्यानुसार बदलू शकते.

बदलावे काय, जपावे काय?

असे असले तरी टर्बाईनचा प्रत्येक भाग नव्याने आखावा लागत नाही. पाण्याचा प्रवाह ज्या भागांतून जातो, विशेषतः रनर व त्याभोवतीची मार्गदर्शक पाती, ते त्या जागेनुसारच ठरवावे लागतात. बेअरिंग, तेलदाब यंत्रणा, गव्हर्नर, झडपा व नियंत्रण फलक मात्र ठरावीक मापांच्या श्रेणीतून निवडता येतात. वेगळेपण जेथे आवश्यक आहे तेथेच राखावे आणि उर्वरित भागांचे प्रमाणीकरण करावे, हे या व्यवस्थापनाचे पहिले सूत्र होय.

रनरच्या बाबतीतही पूर्वीचे ज्ञान उपयोगी पडते. समरूपतेच्या नियमांमुळे लहान प्रतिकृतीवरील चाचणीवरून मोठ्या यंत्राच्या वर्तनाचा अंदाज बांधता येतो. पूर्वी चाचणी झालेल्या रनरची माहिती नीट जपली असेल, तर नव्या जागेशी मिळतीजुळती आकृती शोधून तेथून पुढे काम करता येते. निविदा भरताना याचे महत्त्व अधिकच असते. त्या वेळी पूर्ण संकल्पचित्र तयार नसते. तरीही किंमत, वजन व कार्यक्षमता यांची हमी द्यावी लागते. अंदाज चुकल्यास संपूर्ण कंत्राट तोट्यात जाऊ शकते.

गाळाने दिलेला धडा

केवळ यशस्वी रेखाचित्रे जपणे मात्र पुरेसे नाही. हिमालयीन नद्यांच्या गाळात क्वार्ट्झचे कठीण कण असतात. सतलज नदीवरील 1,500 मेगावॅटच्या नाथपा झाकडी केंद्रात अशा गाळामुळे टर्बाईनच्या भागांची मोठी झीज झाली. 13 टक्के क्रोमियम व 4 टक्के निकेल असलेले पोलादही या कणांपुढे टिकत नाही, असा अनुभव आला. त्यामुळे टंगस्टन कार्बाइडचा संरक्षक थर देण्याचा उपाय अवलंबिण्यात आला.

असा अनुभव दुरुस्ती विभागाच्या नोंदवहीतच राहिला, तर पुढील नदीवर तीच चूक पुन्हा होते. तो संकल्पचित्र विभागापर्यंत पोहोचला, तर पुढील यंत्राचा धातू, पात्यांची जाडी व सुटे भाग बदलण्याची सोय आधीच ठरविता येते.

रेखाचित्रामागील कारण

रेखाचित्र 'काय केले' ते सांगते. 'का केले' ते सांगत नाही. एखाद्या भागाची जाडी पाच मिलिमीटरने वाढविली, ती गणितामुळे, ग्राहकाच्या आग्रहामुळे की त्या वेळी तेवढ्याच जाडीचे पत्रे उपलब्ध होते म्हणून? हे न कळल्यास नवा अभियंता ती जाडी निष्कारण पुढे चालवितो किंवा अजाणता कमी करतो. दुसरा प्रकार अधिक घातक ठरू शकतो.

जलविद्युत संच अनेक दशके चालतात. नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत ते आखणारे अभियंते निवृत्त झालेले असतात. त्यांच्याबरोबर निर्णयांची कारणेही गेली, तर जुनेच संशोधन पुन्हा करावे लागते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासोबत त्याचे कारण, पडताळलेले पर्याय आणि तो कोणत्या मर्यादेपर्यंत लागू आहे, याची नोंद आवश्यक आहे.

लघुउद्योगांसाठी

दाबपात्रे किंवा उष्णता विनिमयक बनविणाऱ्या लहान कारखान्यांत हे ज्ञान पुष्कळदा मालक व एक-दोन जुन्या कारागिरांपाशीच असते. त्यांना महागड्या संगणक प्रणालीची सुरुवातीस गरज नाही. दाब, तापमान, धातू व माप यांनुसार जुन्या मागण्यांची सूची, अंदाजित व प्रत्यक्ष खर्चाची तुलना आणि काम संपल्यावर चुकांचे एक पानी टिपण, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. मात्र ही नोंद ठेवण्यासाठी कामाच्या वेळेतच तरतूद असली पाहिजे.

जुने संकल्पचित्र तपासल्याविना उचलणे हा ज्ञानाचा पुनर्वापर नव्हे. तो एका नदीचा नियम दुसऱ्या नदीवर लादणे होय. पूर्वीचा निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला गेला हे जाणून नवी परिस्थिती त्याच्याशी ताडून पाहणे, यातच त्या ज्ञानाचा खरा उपयोग आहे. अवजड यंत्रनिर्मितीत देशाने दीर्घ काळ परिश्रमपूर्वक मिळविलेले हे कौशल्य पुढील पिढीच्या हाती सोपवायचे असेल, तर यंत्रांइतकीच त्यांच्यामागील विचारांचीही निगा राखावी लागेल.