मोडाच्या नाचणीची पेज पातळ का होते?

घरातील वृद्ध व्यक्तीचे जेवण कमी झाले की मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज सुरू करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ही पेज करणाऱ्यांच्या एक गोष्ट हमखास लक्षात आलेली असते. साध्या नाचणीचे पीठ शिजवले की पेज घट्ट होऊन बसते. मोडाच्या नाचणीचे तेवढेच पीठ घातले तर ती पातळ राहते. पिठातच काही खोट असावी, असे वाटून अनेकजण त्यात आणखी पीठ घालतात. खोट कसलीच नसते. दाण्याला मोड येताना त्याच्या पोटात जे काम सुरू झाले, तेच आता आपल्या पातेल्यात पुढे चाललेले असते.

धान्याचा दाणा म्हणजे निजलेले रोप आणि त्याची शिदोरी. एका टोकाला इवलासा भ्रूण असतो. उरलेला बहुतेक भाग पिष्टाचा साठा. त्या साठ्याभोवती जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला अल्युरोन म्हणतात. भ्रूणाला पिष्ट जसेच्या तसे वापरता येत नाही. त्याची साखर व्हावी लागते, आणि ती नेमक्या वेळी व्हावी लागते. वेळेआधी झाली तर शिदोरी फुकट जाते.

ही वेळ राखण्याचे काम दोन संप्रेरके करतात. ॲबसिसिक आम्ल दाण्याला निजवून ठेवते. त्याचा अंमल कमी पडला आणि ऐन कापणीच्या वेळी पाऊस लागून राहिला, तर उभ्या कणसातच दाण्यांना मोड फुटतात. शेतकऱ्याचे ते दुःख आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दाणा भिजला की या आम्लाचे प्रमाण उतरू लागते आणि भ्रूणातून जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक पाझरते. ते अल्युरोनपर्यंत पोहोचते आणि तेथील पेशी अमायलेज नावाचे विकर तयार करून पिष्टाच्या कोठारात सोडू लागतात. पिष्टाच्या लांब साखळ्या तुटतात, साखर होते, कोंब वाढतो.

जिबरेलिनचा शोध मोठा गमतीचा आहे. जपानमध्ये भातरोपांना एक रोग होई. रोपे भराभर उंच होत आणि अशक्त होऊन आडवी पडत. शेतकरी त्यांना ‘वेडी रोपे’ म्हणत. कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवून दिले, की एका बुरशीच्या स्रावामुळे असे घडते. वनस्पती स्वतःही तेच द्रव्य बनवतात, हे पुढे उमगले. मग 1960 मध्ये जपानमध्ये योमो आणि ऑस्ट्रेलियात पॅलेग यांनी स्वतंत्रपणे सातूच्या दाण्यावर प्रयोग केले. भ्रूण काढून टाकलेला दाणा नुसता भिजत ठेवला तर पिष्ट तसेच राहते. त्यावर जिबरेलिन घातले की भ्रूण नसतानाही ते विरघळू लागते. हुकूम भ्रूणाचा, पण तो वाहून नेणारे द्रव्य हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

मात्र हुकूम सुटला म्हणजे साखरेचा पूर येतो असे नाही. भातावरील संशोधनात असे आढळले, की भ्रूणात साखर पुरेशी असली तर अमायलेज बनवण्याची सूचना मंदावते. साखर घटली की ती पुन्हा जोर धरते. अनेक वनस्पतींच्या बियांना जमिनीतील नायट्रेटचाही जागे होण्यास इशारा मिळतो. डोळे नसलेला हा जीव घरात काय शिल्लक आहे आणि बाहेर काय मिळेल, दोन्हींचा अंदाज घेऊनच खर्च करतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. मोड आलेली नाचणी वाळवून, बेताने भाजून दळली की अमायलेज बऱ्याच अंशी शाबूत राहते. पेज हळूहळू तापू लागली की ते पिष्टाच्या साखळ्या तोडते. उकळी आल्यावर त्याचे काम संपते. म्हणूनच एका वाटीत अधिक पीठ मावते, आणि चार घासांतच थकणाऱ्या माणसाच्या पोटात पाण्याऐवजी अन्न जाते. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोड येताना फायटिक आम्ल घटत असल्याने लोह व जस्तही अधिक सुलभतेने मिळते. भिजवून, वाटून, गाळून काढलेले सत्त्व ही मात्र निराळी वस्तू आहे. त्यात चोथ्याबरोबर बरेच काही निघून जाते. दोन्हींना बाजारात एकच नाव असते, तेव्हा घेताना विचारून घ्यावे.

हाच पातळपणा काही रुग्णांना घातक ठरू शकतो. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्या श्वासनलिकेत पातळ द्रव सहज उतरतो. अशा रुग्णांना डॉक्टरांनी घट्ट पदार्थ सांगितले असतील, तर मोडाच्या पिठाची पेज त्यांना न विचारता देऊ नये. पेज कोमट असताना वरून चमचाभर कच्चे मोडाचे पीठ मिसळण्याचा मोहही टाळावा. घट्ट केलेली पेज काही मिनिटांत पातळ होईल. आपल्या लाळेतही अमायलेज असते. उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला की घट्ट पेज हळूहळू सैल पडते. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून भरवावी. मधुमेह असलेल्यांनी या पेजेचा समावेश रोजच्या आहाराच्या हिशेबात करावा. ती खाल्ल्यावर साखर किती चढते, हे एकदोनदा तपासून पाहणे बरे.

मोड काढताना ओल आणि ऊब लागते. ती जंतूंनाही मानवते. फडके उकळून घ्यावे, धान्य दिवसातून दोनदा धुवावे. चिकट झालेले, आंबूस वास येणारे किंवा बुरशी दिसणारे धान्य सरळ टाकून द्यावे. वृद्धांना कच्चे मोड देऊ नयेत. ज्वारीच्या बाबतीत अधिक जपायला हवे. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते, हे आपण जाणता. ज्या द्रव्यापासून ते विष तयार होते, ते ज्वारीच्या कोंबातही असते. ज्वारीला मोड आणलेच, तर वाळल्यावर कोंब व मुळे चोळून, पाखडून काढावीत आणि मगच दाणे भाजून दळावेत.