नियम आणि अंतःप्रज्ञा : संस्कृत व गणित यांच्या अध्ययनातील एक प्रश्न

प्राचीन भाषा नियमांच्या आधारे शिकावी, की वाचनाच्या सरावातून तिची जाण येऊ द्यावी, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. मूळ संहितेविषयी बोलण्याचा त्याचा अधिकारच त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

पतंजलीने ‘महाभाष्या’च्या पस्पशाह्निकात या प्रश्नाची एक बाजू मांडली आहे. बृहस्पतीने इंद्राला सहस्र दिव्य वर्षे एकेक शब्द सांगितला, तरी शब्द संपले नाहीत, ही कथा देऊन तो उत्सर्ग व अपवाद यांवर आधारलेल्या नियमांची आवश्यकता दाखवितो. मात्र ‘पृषोदरादि’ सूत्रावरील (६.३.१०९) भाष्यात तोच पतंजली अष्टाध्यायी न शिकताही शुद्ध बोलणाऱ्या शिष्टांचा प्रयोग प्रमाण मानतो. म्हणजे नियम लाघवासाठी आहे. प्रामाण्य मात्र भाषकाच्या जाणिवेत आहे.

गणितात प्रामाण्य अंतःप्रज्ञेबाहेर असते. रामानुजन यांनी १९१३ साली हार्डी यांना पाठविलेली अनेक सूत्रे सिद्धतेविना होती. त्यांतील बरीच खरी ठरली, परंतु मूळ संख्यांच्या वितरणाविषयीचे त्यांचे काही दावे चुकीचे निघाले. सूत्र अंतःप्रज्ञेने सुचविले. त्याचा खरेखोटेपणा सिद्धतेने ठरविला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर (११५०) गणेश दैवज्ञाने १५४५च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून उपपत्ती दिल्या, त्यांचे महत्त्वही येथेच आहे.

आजच्या संस्कृत अभ्यासकापुढे पतंजलीचे शिष्ट नाहीत आणि गणितासारखी सिद्धताही नाही. मराठी वाचकाची अडचण तर अधिक सूक्ष्म आहे. ‘राग’ हा शब्द त्याला परिचित वाटतो आणि त्याची सहज जाण ‘क्रोध’ हा अर्थ सुचविते. ‘रञ्ज्’ धातूपासूनची व्युत्पत्ती त्याला रंग व अनुराग या अर्थांकडे नेते. तथापि विशिष्ट श्लोकात यांपैकी कोणता अर्थ घ्यावा, की श्लेषाने दोन्ही घ्यावेत, हे कोणतेही सूत्र सांगत नाही. ते काव्याच्या दीर्घ परिशीलनानेच उमगते.

तात्पर्य, नियम चुकीच्या जाणिवेला आवर घालतो, परंतु योग्य जाण स्वतः निर्माण करीत नाही. त्यामुळे अभ्यासक्रमात व्याकरण आणि संहितावाचन यांपैकी एकाचीच निवड करणे म्हणजे विद्यार्थ्याला एक तर सूत्रांपाशी थांबविणे, नाही तर मातृभाषेच्या आभासावर सोडून देणे होय.