फांद्यांचा भुगा करणारे यंत्र : घ्यावे कसे, वापरावे कसे

वैशाख लागला की वाशिंदच्या आसपास शेतांतून धूर निघू लागतो. आसनगावकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतूनही तो दिसतो. हा धूर राबाचा. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला आणि ऐनाच्या फांद्या अंथरतात, वर थोडी माती पसरतात आणि पेटवून देतात. त्याने तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राख मिळते. आपले वाडवडील हे करीत आले, कारण त्यात फायदा होता. राबासाठी फांद्या तोडण्यावरून इंग्रजांच्या राज्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी कुरबुर झाली, की जंगलाच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ साली एक कमिशन नेमावे लागले.

पण राबाशिवाय दुसराही धूर असतो. आंब्या-चिकूची छाटणी होते, बांधावरची झाडे सवळतात, वादळाने फांद्या मोडतात. मोठी लाकडे चुलीत जातात. बारीक काटक्या आणि पाला मात्र ढीग करून पेटवून देतात. जमिनीला मिळायचे ते अन्न असे धुरात जाते.

अशा बारीक फांद्यांचा भुगा करणारे लहान यंत्र आता बाजारात मिळते. त्याला कोणी चिपर म्हणतात, कोणी श्रेडर. आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तरी लोक येऊन विचारतात, "गुरुजी, हे मशीन घेऊ का?" म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

यंत्र असते कसे?

कडबाकुट्टी आपण पाहिलेली आहे. चिपर तिचाच थोरला भाऊ म्हणा. आत एक जड चाक असते. त्याला पोलादी पाती असतात. चाक जोरात फिरते. तोंडातून फांदी आत गेली की पाती तिच्या चकत्या पाडतात आणि दुसऱ्या तोंडातून भुगा बाहेर उडतो. काही यंत्रांत पात्यांबरोबर लहान हातोडे असतात. ते पाला कुटतात.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. कडबाकुट्टीत लाकडी फांदी घालू नका. ती चाऱ्यासाठी केलेली आहे. लाकडाने तिची पाती मोडतात आणि तुकडा अंगावर उडू शकतो.

लहान चिपर विजेवर चालतो किंवा पेट्रोलवर. विजेचा स्वस्त पडतो, आवाजही कमी करतो. पण वीज घराजवळच असते, बाग लांब असते. लांबच लांब बारीक वायर ओढली तर मोटरीला पुरता दाब मिळत नाही आणि मोटर जळते. पेट्रोलचे यंत्र बांधावर नेता येते. त्याला काम जोराचे असले तर तासाला लिटर-दीड लिटर पेट्रोल लागते. हा खर्च आधीच मोजावा.

घेण्याआधी हिशेब करा

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दुभती म्हैस विकून असे यंत्र घेतले. दुकानदार म्हणाला होता, "मनगटाएवढी फांदी आरामात खाते." घरी आणून त्याने वाळलेला ऐन घातला. यंत्र अडकले, पट्टा जळाला. दुकानदाराचे बोलणे ओल्या, मऊ लाकडापुरते खरे होते. वाळलेल्या टणक लाकडाला यंत्राची ताकद निम्मी धरावी. तीन बोटे जाडीची फांदी चालेल असे सांगितले, तर आपण दीड बोट समजावे. म्हणून दुकानात कोऱ्या कागदावर सही करण्याआधी आपल्या शेतातली फांदी बरोबर न्यावी आणि म्हणावे, "ही घालून दाखवा."

आता पैशांचा हिशेब. समजा, यंत्राची किंमत ६०,००० रुपये आहे आणि ते सहा वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला १०,००० रुपये झाले. एका घरी छाटणीचे काम वर्षात पाच दिवस असते. मग एका दिवसाला यंत्र २,००० रुपयांना पडले. पेट्रोल वेगळे. तेच यंत्र दहा घरांनी मिळून घेतले, तर वर्षात पन्नास दिवस चालेल. दिवसाला २०० रुपये पडतील. म्हणून एकट्याने कर्ज काढू नये. बचत गटाने किंवा शेतकऱ्यांच्या गटाने घ्यावे. कोणाकडे किती दिवस, तेल कोणी घालायचे, मोडले तर पैसे कोणी द्यायचे, हे वहीत लिहून सर्वांनी सही करावी. आता आपल्याला सही येते ना? मग तिचा उपयोग इथे करावा.

शेतीच्या यंत्रांसाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. तिथे पूर्वसंमतीचे पत्र मिळाल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये. आधी घेतले तर अनुदान बुडते. कोणते यंत्र योजनेत बसते ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावे.

आणि यंत्र दारात आले म्हणून झाड पाडायची मोकळीक मिळत नाही. साग, खैर, ऐन, मोह, आंबा अशी झाडे १९६४ च्या कायद्यात आहेत. ती आपल्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

चालवताना जपा

त्या शेतकऱ्याची गोष्ट अजून संपली नाही. पट्टा नवा घातला. काम सुरू झाले. एकदा पाल्याचा बोळा तोंडात अडकला. त्याने इंजिन बंद केले आणि लगेच हात घातला. इंजिन बंद झाले होते, पण चाक जड. ते फिरतच होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. आज आवणीच्या वेळी त्याला रोपांची मूठ धरता येत नाही. बायको रोपे लावते आणि तो बांधावर बसून बघतो. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "गुरुजी, सगळं वाचलं असतं, पण मशीनबरोबरचं पुस्तक मी उघडलंच नाही." तो आमचाच विद्यार्थी. ते ऐकून आम्हांला फार वाईट वाटले.

म्हणून हे नियम पाळा :

१. हाताने फांदी आत ढकलू नका. लाकडी दांडा वापरा. फांदीचा जाड बुंधा आधी घाला, पाला मागे राहू द्या. फांदी आत जाऊ लागली की सोडून द्या.

२. अडकले तर इंजिन बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, प्लगची वायर काढा, मगच हात लावा. विजेचे असेल तर पिन काढा.

३. पदर, उपरणे, सैल बाही, लोंबणारी माळ नको. बायकांनी पदर खोचावा, केस बांधावेत. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत.

४. फांदीत खिळा, तार, दगड नाही ना, ते बघा. कुंपणाच्या फांद्यांत तार हमखास असते.

५. भुगा उडतो त्या बाजूला कोणी उभे राहू नये. मुले आणि गुरे लांब ठेवा.

आपल्या रानातल्या तीन वस्तू यंत्रात कधीच घालू नयेत. पहिली बिब्बा. त्याचा चीक उडाला तर अंगावर फोड येतात. दुसरी खाजकुयलीची वेल. फांदीला ती गुंडाळलेली असेल तर तिची कुसे हवेत उडतील आणि सारे घर खाजवत बसेल. तिसरी कण्हेर. तिचा भुगा गुरांनी खाल्ला तर जीव जाईल.

फांदी तोडल्यापासून आठ दिवसांच्या आत घालावी. ओली फांदी सहज कापली जाते. चकत्यांऐवजी चिंध्या पडू लागल्या, तर पाती बोथट झाली असे समजावे. सगळी पाती एकाच वेळी आणि सारखी घासावीत. एक हलके, एक जड झाले तर यंत्र थरथरते.

भुग्याचे काय करावे?

चुलीला लागणारे लाकूड यंत्रात घालू नये. अंगठ्याहून जाड ते चुलीला, बारीक ते यंत्राला, असा साधा नियम ठेवावा.

ताजा भुगा मातीत मिसळू नये. भुगा कुजवणारे सूक्ष्म जीव जमिनीतले नत्र आधी खातात. पंगतीत पाहुणेच जेवून उठले, घरच्यांना उरले नाही, तसे होते. पीक पिवळे पडते. तो जमिनीवर वरून पसरावा. आंब्याच्या किंवा चिकूच्या आळ्यात तीन-चार बोटे जाड थर द्यावा. खोडापासून एक वीत जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजते आणि वाळवी लागते. उन्हाळ्यात ओल टिकते, तण कमी येते, पावसाच्या माऱ्याने माती वाहत नाही.

दुसरा उपयोग खताचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या हौदात खत करण्याची रीत बसवली. त्यांच्या नावावरून तिला नाडेप म्हणतात. हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात पाला-काडीकचऱ्याचा थर, शेणकाल्याचा शिडकावा, मातीचा थर असे चढवत जावे. शेण थोडके लागते. काटक्या बारीक झाल्या की लवकर कुजतात.

"मग राबाचे काय?" असे कोणी विचारील. भुगा राबाची जागा घेत नाही, कारण भुग्याने तणाचे बी मरत नाही. पण रोप राबावरच होते असेही नाही. गादीवाफा करून, त्यात कुजलेले खत आणि भाताच्या तुसाची राख घालून रोप चांगले येते. तण मात्र हाताने काढावे लागते. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन विचारावे. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यावर करून बघावे, बाकी राब नेहमीसारखा भाजावा. दोन्ही रोपे शेजारी शेजारी उगवली, की कोणते चांगले ते आपले डोळेच सांगतील.

तर मंडळी, यंत्र वाईट नाही. घाईने घेतलेले आणि न वाचता चालवलेले यंत्र वाईट. ज्याची बोटे गेली तो आमचा विद्यार्थी आता गावातल्या गटाच्या यंत्रापाशी उभा राहतो आणि नव्या माणसाला आधी पुस्तक वाचायला लावतो. वाचता येत नसेल त्याला स्वतः वाचून दाखवतो. तुम्हांला आता वाचता येते. यंत्राबरोबर आलेले पुस्तक आधी उघडा, इंजिनाची दोरी मग ओढा.