लाल बटण, निळं बटण

1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये 71 किलो गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सनं यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला चांगलंच बदडून काढलं. ठोसे मोजणाऱ्यांचा हिशेब होता 86 विरुद्ध 32. पंचांचा कौल मात्र 3-2 असा पार्कच्या बाजूनं लागला. वर त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून गौरव झाला तो जोन्सचाच! या नाचक्कीनंतर पंचांच्या मर्जीला यंत्रानं वेसण घालायचं ठरलं, आणि 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांच्यापुढे बटणं आली.

यंत्राची रचना साधी होती. रिंगभोवती पाच पंच आणि प्रत्येकापुढे दोन बटणं, एक लाल कोपऱ्याचं, एक निळ्या. हातमोज्याचा मुठीकडचा भाग पांढरा असे. तो भाग डोक्यावर किंवा कमरेच्या वर नीट बसला, की बटण दाबायचं. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तरच एक गुण. एकट्यादुकट्याच्या पक्षपातानं निकाल फिरू नये हा हेतू, आणि तो रास्तच होता.

गोम होती त्या सेकंदात. लागोपाठ तीन ठोसे बसले, तर तेवढ्याच वेगानं तीनदा बटण कोण दाबणार? बरगडीत बसलेला ठोसा पलीकडच्या पंचाला दिसतच नसे, कारण मध्ये बॉक्सरची पाठ. लांबून डोक्यावर मारलेला सरळ ठोसा मात्र बहुतेकांना दिसे. शिवाय प्रतिस्पर्ध्याला आडवं पाडलं तरी गुण तेवढाच, एक. प्रशिक्षकांनी हे बरोबर हेरलं. एक ठोसा मारून मागे सरकायचं आणि आघाडी मिळाली की अंतर राखून वेळ काढायचा, असा खेळ घोटवला जाऊ लागला. बॉक्सिंगची तलवारबाजी झाली, ही जाणकारांची तक्रार त्यातूनच आली.

बटणं पुढेही वादातून सुटली नाहीत. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या विकास कृष्णनं अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 असं हरवलं होतं. अमेरिकेनं दाद मागितली. तिसऱ्या फेरीत विकासनं वारंवार मिठी मारल्याचे फाउल रेफरीनं दिलेच नव्हते. फेरतपासणीत स्पेन्सच्या खात्यात चार गुण जमा झाले आणि निकाल 15-13 असा उलटला. ठोसे टिपायला पाच जण बसले होते, फाउलची भिस्त मात्र एकट्या रेफरीवर होती.

2013मध्ये ठोसे मोजणं थांबलं. आता फेरी संपल्यावर पंच ती जिंकणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9 किंवा त्याहून कमी गुण देतो. पण बेरीज कशी मांडायची, हा प्रश्न उरतोच. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमनं कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध पहिली फेरी 4-1 अशी गमावली, पुढच्या दोन्ही 3-2 अशा जिंकल्या. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही ती हरली. कारण प्रत्येक पंचाच्या तिन्ही फेऱ्यांची बेरीज आधी होते आणि मग पाच पंचांचा कौल मोजतात; तो 3-2 असा व्हॅलेन्सियाकडे गेला. फेऱ्या मोजल्या असत्या, तर त्याच गुणांवर मेरी जिंकली असती.

हे प्रश्न बॉक्सिंगपुरते नाहीत. आता नृत्यस्पर्धा किंवा एकांकिका स्पर्धेतही परीक्षकांच्या हाती गुण भरायला मोबाइल देता येतो. ॲपच्या लॉगिन आणि रंगसंगतीच्या आधी आयोजकांनी चार गोष्टी ठरवाव्यात: एक नोंद म्हणजे नेमकं काय, ती कधी करायची, बेरीज गुणांची की क्रमांकांची, आणि दुसऱ्या परीक्षकाचे गुण दिसू द्यायचे का. दंड किंवा वजा गुण कोण देणार, हेही त्यातच आलं. या गोष्टी तालमी सुरू होण्यापूर्वी स्पर्धकांना कळवाव्यात. नियमांत कशाला किती मोल आहे हे पाहूनच ते तयारी करतात, आणि तो त्यांचा दोष नाही.